सोसायटी ग्रुप: पाडायच्या आधी ग्राँ पार्क बघूया

सेक्रेटरी (ए-३०१): सगळ्यांना नमस्कार 🙏 रविवारच्या एसजीएमला (विशेष सर्वसाधारण सभा) एकच विषय आहे, रिडेव्हलपमेंट की मेजर रिपेअर. ऑडिट रिपोर्टची पीडीएफ काल टाकलीये, बिल्डिंग सी-२बी मध्ये आलीये म्हणजे रिकामी न करता स्ट्रक्चरल रिपेअर करता येतं. ज्यांना बोलायचंय त्यांनी आत्ताच लिहा

सी-५०२: माझं मत रिडेव्हलपमेंटच. आई गुडघ्यांमुळे चार महिने खाली उतरलेली नाही, पाच मजले आणि लिफ्ट नाही, बाथरूममधनं खालच्यांकडे गळतंय, दर पावसाळ्याआधी प्लास्टर करायचं आणि परत पडायचं, किती वर्षं हेच करत बसणार

बी-४०३: दादा, काकूंचं अगदी बरोबर, लिफ्ट हा सगळ्यात पहिला मुद्दा आहे. पण पाडलं तरच लिफ्ट येते असं नाही ना. जरा मोठं लिहितेय, वाचा प्लीज, कारण मी याच कामात आहे आणि मला मनापासून वाटतं की पाडायचा ठराव करायच्या आधी हे सगळ्यांना माहीत असायला पाहिजे.

फ्रान्समध्ये बोर्दोला ग्राँ पार्क नावाची वसाहत आहे, १९६० च्या दशकातली, आपल्यासारखीच साधी डबा बिल्डिंग पण खूप मोठी, तीन इमारती मिळून ५३० घरं. छोट्या खिडक्या, जुनी बाथरूम्स, दमट खोल्या. पाडायची चर्चा तिथेही झालेली. अ‍ॅन लाकाताँ आणि जाँ-फिलिप वासाल हे आर्किटेक्ट, सोबत द्रुओ आणि उताँ, यांनी काय केलं तर मूळ सांगाडा भक्कम आहे हे बघून तो तसाच ठेवला, खिडकीखालची भिंत कापून तिथे जमिनीपासून वरपर्यंत काचेचे सरकते दरवाजे बसवले आणि बाहेर प्रत्येक घराला ३.८ मीटर खोल जागा जोडली, अर्धी बंद करता येणारी आणि पुढे उघडी बाल्कनी. बाथरूम, वायरिंग, लिफ्टही नवीन केल्या. २०१७ च्या सुमाराला काम संपलं.

आणि मुख्य म्हणजे लोक तिथेच राहत होते!! एकेका घराचं काम साधारण दोन आठवड्यांत उरकलं, भाडं वाढलं नाही, कोणाला घर सोडून जावं लागलं नाही. २०१९ ला युरोपियन युनियनचा आर्किटेक्चरचा मीस व्हॅन डर रोह पुरस्कार याच कामाला मिळाला, २०२१ ला लाकाताँ आणि वासाल दोघांना प्रित्झकर मिळालं, म्हणजे आर्किटेक्टचं नोबेलच समजा.

ए-१०१: बाळ, वाचलं. ३.८ मीटर म्हणजे साडेबारा फूट झाले. एवढा स्लॅब जुन्या बिल्डिंगला लटकवला तर भार कोण घेणार?

बी-४०३: काका, लटकवला नाहीये. त्याचे स्वतःचे कॉलम, स्वतःचा पाया. जुन्या इमारतीला चिकटून दुसरा सांगाडाच उभा केला असं समजा. स्लॅब कारखान्यात ओतून आणले आणि क्रेनने एकावर एक चढवले, म्हणून तर इतक्या पटकन झालं. पॅरिसला २०११ मध्ये बोआ-ल-प्रेत्र टॉवरला याच लोकांनी हेच केलेलं.

ए-४०४: अगं पण तो थंड देश आहे, काचेची खोली ऊन धरते म्हणून त्यांना बरी वाटते, आपल्याकडे मे महिन्यात भट्टी होईल. आमच्या पश्चिमेच्या बेडरूममध्ये आत्ताच संध्याकाळी बसवत नाही

बी-४०३: वहिनी एकदम खरं, तो भाग उचलून इथे आणायचाच नाही. तिथे काचेच्या आत जाड पडदे आहेत, थंडीत ऊब धरायला, उन्हाळ्यात सगळं उघडायचं. आपल्याला उलट पाहिजे, सावली आणि पावसापासून आडोसा. त्यासाठी बोर्दोला जायला नको, पेडर रोडजवळचं कांचनजंगा बघा, चार्ल्स कोरिया, १९८३. मुंबईत वारा आणि समुद्र पश्चिमेला, पण तापणारं ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच. जुन्या बंगल्यांना चहूबाजूंनी व्हरांडा असायचा तो यासाठीच, आणि कोरियांनी तोच टॉवरमध्ये नेला, कोपऱ्यात दोन मजले उंच उघडी गच्ची. आणि आपण काय केलं, होत्या त्या बाल्कन्या बंद करून हॉलमध्ये घेतल्या आणि मग भिंत तापते म्हणून एसी लावला. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण त्या तीन-चार फुटांच्या सावलीनेच घर गार राहायचं.

सी-५०२: ताई तुमचं शिक्षण मोठं आहे, मला पटतंय पण एक गोष्ट राहतेय. तिथे घरं सरकारी संस्थेची, लोक भाडेकरू, पैसे संस्थेने घातले. इथे आपण मालक. रिपेअर केलं तर खिशातून जाणार, रिडेव्हलपमेंटला बिल्डर वरचे फ्लॅट विकून पैसे काढतो, आपल्याला एरिया वाढवून देतो आणि वर कॉर्पस म्हणून रोख रक्कम. सामान्य माणूस कुठला मार्ग घेईल?

बी-४०३: हो दादा, हा मुद्दा खरोखर मोठा आहे आणि मी तो टाळत नाहीये. आपल्याकडे सगळं गणित वरच्या विकाऊ मजल्यांवर चालतं. पण त्याच गणितात तीन-चार वर्षं बाहेर भाड्याने राहणं आहे, प्रोजेक्ट अडकला तर भाडं थांबतं ही भीती आहे, आणि नंतरचा मेंटेनन्स आत्ताच्या कितीतरी पट, ज्यांची फक्त पेन्शन आहे त्यांनी तो भरायचा कसा

बी-२०२: सिंगापूरचं सांगते. आमचा मुलगा तिथे एचडीबीच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या घरात राहतो. तिथे लोकांनी घर विकतच घेतलेलं असतं, ९९ वर्षांच्या लीजवर. जुन्या ब्लॉकना सरकार होम इम्प्रूव्हमेंट प्रोग्रॅम करून देतं, २००७ पासून. पण आधी मतदान, त्या ब्लॉकमधल्या ७५ टक्के नागरिक घरांनी हो म्हटलं तरच. स्लॅबचं काँक्रीट सुटून सळ्या दिसायला लागल्या की ती दुरुस्ती, सांडपाण्याचे पाइप बदलणं, हे त्यात येतं आणि नागरिकांना त्याचे पैसे पडत नाहीत, बाथरूमला थोडा वाटा द्यायचा. माणसं घरातच असतात. हवा आपल्यासारखीच, बारा महिने दमट

बी-४०३: काकू हे खूपच छान आठवलं तुम्हाला!! आणि त्याच्याही आधी, १९९० पासून तिथे एक मोठा कार्यक्रम होता त्यात काही ब्लॉकना बाहेरून जास्तीची छोटी खोली किंवा बाल्कनी जोडून दिलेली. म्हणजे उष्ण दमट हवेत, लोक मालक असताना हे झालेलं आहे. आपल्यामागे सरकार उभं नाही हा फरक आहेच.

सेक्रेटरी (ए-३०१): ताई, आपल्या प्लॉटवर नक्की काय बसतं ते सांग. कंपाउंड वॉलपर्यंत जागाच कुठे आहे

बी-४०३: बोर्दोसारखी खोल बाल्कनी अजिबात बसत नाही, मोकळी जागा फायर इंजिनसाठी सोडावीच लागते आणि एफएसआयचा, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं त्याचा, प्रश्न वेगळाच. पण मागे जिन्याला लागून बाहेरून लिफ्ट बसू शकते, स्वतःच्या स्टीलच्या सांगाड्यावर, स्वतःच्या पायावर, प्रत्येक लँडिंगला उघडणारी. बऱ्याच जुन्या सोसायट्यांनी पालिकेची परवानगी घेऊन अशी लावलीये. सोबत गच्चीचं वॉटरप्रूफिंग, ड्रेनेजच्या सगळ्या उभ्या लाइन एकदम नवीन, खिडक्यांवर नीट खोल छज्जे, आणि सळ्या उघड्या करून, गंज साफ करून पॉलिमर मॉर्टर, नुसतं वरून प्लास्टर नाही. प्लास्टर दरवर्षी पडतं त्याचं कारण आत आहे, सळी गंजली की फुगते आणि काँक्रीट ढकलून फोडते.

लाकाताँ-वासाल यांना १९९६ मध्ये बोर्दोतलाच एक छोटा चौक सुशोभित करायला दिलेला. त्यांनी तिथे बसून बघितलं, लोकांशी बोलले आणि सांगितलं की चौक चांगलाच आहे, खडी बदला, झाडांची निगा राखा, बाकी काही करू नका. मला तो अहवाल फार आवडतो. आपल्या चौकोनी अंगणातला आंबा आणि दोन बकुळी पोडियम पार्किंगमध्ये जातील, हे कोणी अजून बोललंच नाही.

ए-४०४: बकुळ नको गं तोडायला 😔

सी-५०२: ठीक आहे. माझी एक अट. लिफ्ट धरून रिपेअरचं खरं इस्टिमेट, प्रति फ्लॅट किती येतं ते, आणि बिल्डरची ऑफर, दोन्ही एकाच कागदावर आणा. लिफ्ट पक्की होत असेल तर मी हट्ट धरणार नाही

सेक्रेटरी (ए-३०१): चालेल, अजेंड्यात टाकतो

ए-१०१: मी पुन्हा रिपोर्ट वाचत बसलोय. सगळं बोलणं सांगाडा चांगला आहे यावर उभं आहे ना? मग पान ११ वर कोअर टेस्टच्या (काँक्रीटचा नमुना कापून काढून ताकद बघतात ती) टेबलात फक्त ए आणि बी विंग का? सी विंगच्या पिलरचं काय?

बी-४०३: काका बरोबर पकडलंत. सी विंगला फक्त रिबाउंड हॅमर टेस्ट केलीये, ती पृष्ठभागाचं सांगते. कोअर आणि हाफ-सेल (आतली सळी गंजतेय का ते बघायची टेस्ट) दोन्ही सी ला व्हायलाच हवं, आणि तिथे काँक्रीट वाईट निघालं तर मी स्वतः रिडेव्हलपमेंटला हात वर करेन. कन्सल्टंटना आज फोन करा, रविवारच्या आधी निदान तारीख तरी मिळायला पाहिजे

सेक्रेटरी (ए-३०१): लावतोय फोन