सासूबाईंचा बिस्किटांचा डबा आणि 'पूर्वीचं साधं खाणं'

बाभूळबन
गेल्या महिन्यात सासूबाईंची उपाशीपोटी साखर १८० निघाली. दिवसभरात काय खाता, असं डॉक्टरांनी विचारलं. त्या म्हणाल्या, "दोन वेळा ज्वारीची भाकरी, भाजी, वरण, ताक. गोडाला हात लावत नाही." मी शेजारीच बसले होते, आणि मलाही ते खरंच वाटलं. घरी येऊन त्यांच्या पलंगाखालचा पत्र्याचा डबा उघडला, तेव्हा हिशेब लागला. सकाळच्या चहाबरोबर चार मारी, अकरा वाजता दोन, दुपारच्या चहाला टोस्ट, संध्याकाळी नातवाच्या पुड्यातला वाटा. "अगं, बिस्किटं म्हणजे काय खाणं का?" त्यांच्या लेखी ते खाणं नव्हतंच!

माझं म्हणणं एवढंच आहे की आपली ताटं अजून फारशी बिघडलेली नाहीत. बिघडलंय ते दोन जेवणांच्या मधलं. तिथे पूर्वी भुईमुगाच्या शेंगा, फुटाणे, हुरडा, नाहीतर काहीच नसायचं. आता पुडा असतो. 'पचनाला हलकं' असं मोठ्या अक्षरात छापलेला एक पुडा उलटा करून पाहिला. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. पहिलं नाव मैदा, मग साखर, मग पामतेल. ज्या गव्हाच्या कोंड्याचं चित्र वर आहे तो चौथा.

आणि हे फक्त साखर-मैद्याचं गणितही नाही. अमेरिकेत केव्हिन हॉल या आहार-संशोधकाच्या गटाने २० जणांना चार आठवडे संशोधन केंद्रात ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यातलं खाणं, दोन आठवडे साधं शिजवलेलं. समोर ठेवलेल्या अन्नात कॅलरी, साखर, स्निग्ध पदार्थ, तंतू, मीठ जमेल तितकं सारखं, आणि हवं तेवढं खायची मुभा. कारखान्यातल्या अन्नावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली आणि वजन सरासरी ०.९ किलो वाढलं. साध्या अन्नावर तेवढंच उतरलं. २०१९ चा अभ्यास आहे.

तिरकस
२० माणसं आणि दोन-दोन आठवडे. बरं.

पण माझी खरी अडचण 'पूर्वीचं' या शब्दाशी आहे. आता खाली दहा जण येऊन सांगतील की आमची आजी भाकरी-ठेचा खाऊन नव्वद वर्षं जगली. जगली ती आजी सांगता येते हो, बाळंतपणात गेलेली तिची बहीण कोण सांगणार? ज्वारीचंच घ्या. १९६० च्या सुमारास हैदराबादला पोषणतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी दख्खनच्या पठारावरचे पेलाग्राचे, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व कमी पडून होणाऱ्या आजाराचे, रुग्ण तपासत होते. उन्हात कातडी काळी पडून सोलते, जुलाब लागतात, डोकं भ्रमतं. हे रुग्ण मुख्यतः ज्वारीवर जगणारे गरीब लोक होते. विदर्भात लाखेची डाळ खाऊन पाय लुळे पडलेली माणसं होती, म्हणून १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली. दोन्ही अन्नं शंभर टक्के नैसर्गिक, बरं का.

घाण्याचा बैल
@तिरकस, तो ज्वारीचा दोष नव्हता, ताटात ज्वारीशिवाय काही नव्हतं हा दोष होता. डाळ-दूध मिळत असतं तर पेलाग्रा झाला नसता. उलट मी म्हणतो, सुरुवात तेलापासून करा. रिफाइंड तेल हेक्झेन नावाच्या रासायनिक द्रावकाने काढतात, मग ब्लीच करतात, मग वास घालवतात. आमच्याकडे दोन वर्षं फक्त लाकडी घाण्याचं करडई आणि शेंगदाणा तेल आहे. घरात कुणाचं पोट बिघडत नाही.

तिरकस
आणि त्या तेलात तळता काय? भजीच ना? कढईला घाण्याचा पत्ता कळत नाही. शिवाय दाणे बुरशीचे असतील तर अफ्लाटॉक्सिन, म्हणजे त्या बुरशीचं विष, घाण्याच्या तेलात उतरतं. रिफायनिंगमध्ये ते बहुतेक निघून जातं. ज्या प्रक्रियेला शिव्या घालताय तिचं हेही एक काम आहे.

उकडा तांदूळ
मुळात 'प्रक्रिया' या शब्दानेच घोळ होतोय. मी मालवणचा. आमचा उकडा तांदूळ म्हणजे भात भिजवून, उकडून, वाळवून मग कांडलेला. साध्या तांदळापेक्षा त्यावर प्रक्रिया जास्त, पण उकडताना सालातलं ब-१ जीवनसत्त्व आत दाण्यात उतरतं. पांढराशुभ्र पॉलिश केलेला तांदूळ खाणाऱ्यांना बेरीबेरी (ब-१ कमी पडून होणारा आजार) व्हायचा, उकडा खाणाऱ्यांना फारसा नाही. पोहे, चुरमुरे, दही, लोणचं ही सगळी प्रक्रियाच. ब्राझीलमधल्या साओ पावलोचे संशोधक कार्लोस मोंतेरो यांनी प्रक्रियेनुसार अन्नाचे जे चार गट पाडले त्यात चौथाच गट वादाचा आहे. घरच्या ओट्यावर नसतात असे पदार्थ घालून कारखान्यात जुळवलेलं अन्न. त्यातही पावाची लादी आणि रंगीत थंड पेय एकाच पिशवीत टाकलंय, ते मला पटत नाही.

जात्यावरची नाही
जरा एक विचारू का? हे मधलं नैसर्गिक खाणं करणार कोण? शेंगा भाजणार, भाजणी दळून आणणार, लाह्या निवडणार, नंतर भांडी घासणार? 'घाण्याचा बैल', तुमच्याकडे तेल कोण आणतं ते माहीत नाही, पण पोळ्या कोण करतं ते सांगा. जात्यावरच्या ओव्या फार सुंदर आहेत, पहाटे तीनला उठून म्हणायच्या असतात. माझी आई नोकरी करून आम्हा तिघांना डबा द्यायची. मधल्या सुट्टीला पाच रुपयांचा पुडा होता, म्हणून तिला तासभर झोप मिळाली. त्या पुड्याला विष म्हणणाऱ्यांनी आधी सकाळी सहाला ओट्याशी उभं राहावं.

घाण्याचा बैल
पोळ्या बायको करते. भाकरी मी. (खरंच. गोल होत नाहीत.)

पर्वती पायथा
याज्ञिकांचं नाव अजून कसं आलं नाही? पुण्यात केईएम रुग्णालयात मधुमेहावर काम करणारे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. 'लॅन्सेट'मध्ये २००४ साली त्यांचा आणि त्यांच्या इंग्रज सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) २२.३. इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. आपली बाळंसुद्धा जन्मतः वजनाने कमी, पण त्या मानाने चरबी राखून असलेली. म्हणजे आईच्या पोटातल्या उपासमारीपासूनच मधुमेहाची पायाभरणी. सगळं खापर बिस्किटावर फोडू नका.

बाभूळबन
@पर्वती पायथा, हे वाचून तर मला बिस्किटांची जास्तच धास्ती वाटायला लागली. ज्याच्या अंगात आधीच एवढी चरबी दडलेली, त्याला रोजच्या वरच्या कॅलरी इंग्रजापेक्षा जड जाणार, हलक्या नाही.

@जात्यावरची नाही, तुमचं म्हणणं पटलं. तुमच्या आईच्या पुड्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण सासूबाईंना घाई कसलीच नाही, दिवसभर घरीच असतात. मी फुटाणे आणून दिले. दोन दिवसांनी वाटी तशीच. कवळी आहे ना! बिस्कीट चहात बुडवलं की विरघळतं, चावावं लागत नाही. हॉल यांच्या प्रयोगातही कारखान्यातलं अन्न लोक भराभर खात होते, ते तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. तर मऊ, बिनगोडाचं आणि मला रोज रांधावं न लागणारं काय देता येईल?

उकडा तांदूळ
ज्वारीच्या लाह्यांचं पीठ. ताकात कालवायचं, मीठ. शिजवणं नाही. रक्तातली साखर मात्र दोन तासांनी मोजून बघा, लाही झाली तरी ज्वारीच आहे.

बाभूळबन
आज दिलं. "हे आजाऱ्याचं खाणं," म्हणून वाटी सरकवली आणि डब्याकडे हात गेला.

तिरकस
जिरेपूड, चिमूटभर हिंग आणि वरून कोथिंबीर घाला, आजाऱ्याचं वाटणार नाही. आणि डबा पलंगाखालून स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर हलवा. याला अभ्यास लागत नाही.