युगांडातल्या मायक्रोफायनान्स बँकेत स्वयंसेवक म्हणून राहिलेल्यांनो, अनुभव लिहा

माजघर
काल घरी कामाला येणाऱ्या ताई बचत गटाच्या बैठकीसाठी लवकर निघाल्या आणि मला एकदम मसाका आठवलं. सकाळी शाखेत खात्यांच्या नोंदी संगणकावर चढवायच्या, दुपारी कर्ज अधिकारी बाईंबरोबर बोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर बसून लाल मातीच्या रस्त्याने गावात. आंब्याखाली चटया, आधी प्रार्थना, मग हजेरी, उशिरा आलीस तर दंड. एकदा एकीचा हप्ताच आला नाही, लेकाला मलेरिया. अध्यक्षीणबाई काही बोलल्या नाहीत, कमरेच्या पट्ट्यातून नोटा काढून चटईवर ठेवल्या. मग बाकीच्यांनी हजार-दोन हजार शिलिंग टाकले. हप्ता पुरा होईपर्यंत कुणी उठलं नाही. वयाने मोठ्या बायका गुडघे टेकून नमस्कार करायच्या, ते मला शेवटपर्यंत बघवलं नाही. मीही खाली बसायचे. अजून कोण होतं तिकडे?

नाईलकाठ
मी जिंजा शहरात! फेब्रुवारीत शाळा सुरू झाल्या की शाखेत पाय ठेवायला जागा नसायची. कर्जाच्या अर्जावर ‘दुकानात माल भरणे’, पैसे जाणार फीला, हे सगळ्यांना ठाऊक. मला त्यात तेव्हाही गैर वाटलं नाही, आजही नाही. कुकर लावलाय, येते नंतर.

मांडवीपार
त्या बायकांची खांद्यावर टोकं असलेली गोमेसी, तो पायघोळ झगा, आठवते ना? 1905 च्या सुमारास गायाझाच्या मुलींच्या शाळेसाठी आमच्या गोव्याच्या गोम्स शिंप्याने ती बेतली असं सांगतात. आणि बोडा म्हणाल तर बहुतेक बजाज बॉक्सर.

सिंहगडरोड
बजाज म्हणजे आमचीच की! ऊर भरून आला 😊

चटणीभाकरी
शाकाहारी माणसाने खायचं काय तिथे?

माजघर
मटोके (कच्ची केळी वाफवून केलेला लगदा), राजम्यासारख्या बिया आणि शेंगदाण्याचं गुलाबीसर कालवण. अगदी आपल्या उपासाच्या आमटीसारखं, फक्त जिरं-मिरची नाही. अंडं चालत असेल तर रोलेक्स: चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट, रस्त्यावर गरमागरम.

स्पष्टच
राग मानू नका, पण गटाचं नुसतं कौतुक वाचून त्रास होतो. मी होतो त्या संस्थेत कर्ज हातात पडलं की पुढच्याच आठवड्यात पहिला हप्ता. कोंबडीची पिल्लं घेतलेल्या बाईला अंडी मिळायला चार-पाच महिने. तोवर ती उसनवारी करून भरणार. गट सांभाळतो तसा दारात येऊनही बसतो. एकीचं शिलाई मशीन उचलून नेताना पाहिलंय मी.

माजघर
खरंय. आमच्या अधिकारी बाई वरच्यांना सारख्या सांगायच्या, शेतीच्या कर्जाचा हप्ता पीक निघाल्यावर घ्या. ऐकलं गेलं नाही.

नाईलकाठ
आले. आमच्याकडे आडगावात बायकांची स्वतःची बचतीची पेटी असायची, कर्जही त्यातूनच. तीन कुलपं, किल्ल्या तिघींकडे, पेटी चौथीच्या घरी. व्याज बाहेर जात नाही, वर्षाअखेर त्यांच्यातच वाटलं जातं. स्पष्टच, तुम्हाला पटली असती.

स्पष्टच
पटलीच. तेच वाढायला हवं.

लेस्टरची_सून
माझं सासर गुजराती, कंपालाचं. 1972 मध्ये तिथला हुकूमशहा इदी अमीन याने आशियाई लोकांना देश सोडायला 90 दिवसांची मुदत दिली, दुकान तसंच सोडून निघाले. सासूबाई अजून मटोके करतात, इथे लेस्टरला ती केळी मिळतात.

रानजाई
भाची जुलैत एम्बाराराला चाललीय, अशाच बँकेत. काय काय द्यायचं बरोबर?

माजघर
पीतज्वराची लस किमान 10 दिवस आधी, दाखला हातातल्या पिशवीत ठेवायला सांगा. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून. गावात जाताना गुडघ्याखाली येणारे कपडे. आणि बोडावर बसताना हेल्मेट मागून घे म्हणावं, दिलं नाही तर दुसरा बोडा बघ.