डब्ल्यू१२३ मर्सिडीज: नवीन सील टाकूनही पुढचा कॅलिपर परत जाम

रत्नागिरी_२४०डी
नमस्कार मंडळी. आमच्याकडे १९८३ची मर्सिडीज २४०डी (डब्ल्यू१२३ मालिकेतली डिझेल) आहे, मूळ सासऱ्यांची. पावसाळाभर शेडमध्ये उभी होती, दसऱ्याला बाहेर काढली तर ब्रेक न लावताच डावीकडे ओढतेय आणि चार-पाच किलोमीटर गेलं की डावं पुढचं चाक एवढं तापतं की रिमला हात लाववत नाही. गेल्या वर्षीच एका गॅरेजमधे दोन्ही पुढचे कॅलिपर (पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा ब्रेकचा भाग) खोलून नवीन सील टाकून घेतले होते. आता तेच म्हणतायत की बोअरमधे (पिस्टन बसतो त्या भोकात) खड्डे पडलेत, कॅलिपर गेला, दुसऱ्या गाडीचा जुगाड करून बसवतो. मला हे पटत नाहीये, कॅलिपर ओरिजनल एटीई कंपनीचा आहे, बाहेरून तरी धडधाकट दिसतो. रिबिल्ड होतो का हा? आणि घरी जमेल का? ऑइल, फिल्टर, टॅपेट सेटिंग मीच करतो, पण ब्रेकला हात लावायची भीती वाटते.

जुनं_लोखंड_पुणे
दुसऱ्या गाडीचा कॅलिपर अजिबात बसवू देऊ नका. पिस्टनचा व्यास बदलला की त्या चाकाचा जोर बदलतो, मग जोरात ब्रेक मारला की गाडी तिरकी जाणार, आणि पावसात ते फार महागात पडेल.

पण खोलायच्या आधी दोष नक्की कुठे आहे ते बघा. चाक तापून जाम झालं की जॅक लावा (स्टँड पण लावा, नुसत्या जॅकवर काम नको) आणि कॅलिपरचं ब्लीड निपल (फ्लुइड-हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू) अर्धा आटा सैल करा. थोडं फ्लुइड उडालं आणि चाक मोकळं झालं, तर पिस्टन ठीक आहे, प्रेशर मागे अडकून राहतंय. निपल उघडूनही चाक फिरत नसेल तर पिस्टन जाम. प्रेशर अडकत असेल तर निपल बंद करून चाक परत जाम होऊ द्या, आणि मग रबरी होज जिथे लोखंडी पाइपला जोडलाय तो नट सैल करून बघा. तिथे सैल करूनही चाक सुटत नाही पण निपल उघडल्यावर सुटतं, म्हणजे होज आतून फुगून बंद झालाय. पायाचा जोर मोठा असतो म्हणून फ्लुइड पुढे जातं, परत यायला मात्र जोरच नसतो. बाहेरून होज नवा दिसतो हो, म्हणून कोणी बघतच नाही. इतक्या जुन्या गाडीत होज जुने असतील तर मी ते विचार न करता बदलतो.

लेथवाला_कोल्हापूर
बोअरमधे खड्डे म्हणून कॅलिपर फेकणं हे मी नेहमी ऐकतो आणि दर वेळी वाईट वाटतं. ड्रम ब्रेकच्या व्हील सिलिंडरमधे रबर पिस्टनबरोबर बोअरवर सरकतं, तिथे बोअर गुळगुळीत लागतो, मान्य. डिस्कच्या कॅलिपरमधे उलटं आहे, चौकोनी सील बॉडीच्या खोबणीत बसून राहतं आणि पिस्टन त्यातून सरकतो. म्हणजे फ्लुइड अडवायचं काम पिस्टनच्या पृष्ठभागावर आणि खोबणीवर होतं, बोअरच्या भिंतीवर नाही. भिंतीला थोडे खड्डे असले तरी चालतं.

तुमच्या केसमधे माझा संशय खोबणीवर आहे. खोबणीच्या तळाशी गंज साठतो, त्यावरच नवं सील बसवलं की सील आतल्या बाजूला ढकललं जातं आणि पिस्टन आवळून धरतं. ब्रेक सोडल्यावर पिस्टन मागे येतो तो याच सीलच्या पिळामुळे, ते जरासं वाकतं आणि परत सरळ होतं. खोबण घाण असेल तर हा पीळच मिळत नाही, आणि वर्षात परत तेच रडगाणं.

आता काढायचं कसं. पिस्टन बाहेर यायला गाडीचाच ब्रेक वापरा, पॅड काढा, एका पिस्टनवर सी-क्लॅम्प लावून दुसरा पेडलने हळूहळू बाहेर आणा, पूर्ण सुटायच्या आधी थांबा आणि मग पहिल्याची पाळी. कॉम्प्रेसरची हवा मारणार असाल तर मधे लाकूड ठेवा आणि बोटं लांब, पिस्टन गोळीसारखा सुटतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवायला विसरू नका, जुन्या मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबल्यावर फ्लुइड ढकलणाऱ्या सिलिंडरचं) रबर रोज जात नाही अशा गंजक्या भागात गेलं तर फाटतं. काही एटीई पिस्टनला एका बाजूला पायरी कापलेली असते, ती कुठल्या दिशेला होती त्याचा फोटो काढा, तशीच परत बसवायची, नाहीतर किंचाळतो ब्रेक. कॅलिपरचे दोन भाग जोडणारे बोल्ट खोलू नका, गरज नसते.

खोबण पितळी पिनने किंवा बांबूच्या काडीने खरवडा, स्टीलचं टोक नको. पिस्टनवर सील जिथून सरकतं तिथलं क्रोम उडालं असेल, नखाला खड्डा लागत असेल, तर पिस्टन नवा घ्या, पॉलिश पेपर मारून भागत नाही कारण क्रोम गेलं की खाली गंज वाढतच राहतो.

आणि हात जोडून सांगतो, रॉकेल, पेट्रोल, डिझेलने धुवू नका. आजकालच्या सील किटमधलं रबर बहुतेक ईपीडीएमचं (एक प्रकारचं कृत्रिम रबर) असतं, खनिज तेल लागलं की फुगतं. ब्रेक क्लीनर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, नाहीतर ताजं ब्रेक फ्लुइड. साधं ग्रीस पण नाही, लाल रबर ग्रीस मिळतं ते.

रत्नागिरी_२४०डी
दोघांचे मनापासून आभार. आज खोललं. निपल उघडल्यावर चाक सुटलं पण पूर्ण नाही, हाताला अडकतच होतं. होज कापून बघितला, आत भोक जवळजवळ बुजलंय. आणि आतल्या पिस्टनचं सील काढलं तर खोबणीत काळपट तपकिरी खडे, पिनने टोचल्यावर पापुद्र्यासारखे सुटून आले. क्रोम छान आहे, फक्त कडेला डस्ट बूटखाली (धूळ अडवणाऱ्या रबरी टोपीखाली) गंजाची रेघ आहे, सील तिथपर्यंत येत नाही. उजवा पण खोलू का? तो तापत नाही. आणि फ्लुइड कुठलं?

जुनं_लोखंड_पुणे
उजवा पण खोला, तेच गॅरेज, तेच काम, आणि पुढची दोन्ही चाकं सारखीच हवीत. होज चारही चाकांचे बदला. किट मागवताना कॅलिपरवरचं नाव वाचा आणि पिस्टन व्हर्नियरने मोजा, या मॉडेलवर बेंडिक्स कंपनीचे पण कॅलिपर येत, सील वेगळं.

फ्लुइड डॉट ४. ताजं असताना उकळबिंदू किमान २३० अंश सेल्सियस, ओलावा धरल्यावर १५५, आणि कोकणच्या हवेत ओलावा धरणारच, तेव्हा दर दोन वर्षांनी बदला आणि अर्धी उरलेली बाटली वापरू नका. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता.

लेथवाला_कोल्हापूर
खडे निघाले ना, मग कॅलिपर वाचला तुमचा. रेघ फ्लुइड लावलेल्या बारीक पेपरने हलकी करा, पण बूट नवाच. सील बोटाने बसवा, खोबणीत फिरवून बघा कुठे पीळ पडला नाही ना. पिस्टन फ्लुइड लावून हाताच्या अंगठ्याने आत गेला पाहिजे, हातोडी लागली तर थांबा, तिरका चाललाय.

ब्लीडिंग (पाइपातली हवा काढणं) मागच्या डाव्या चाकापासून, मास्टर सिलिंडर उजवीकडे असल्याने ते सगळ्यात लांब. पॅडची जुनी धूळ हवेने उडवू नका, त्या काळच्या पॅडमधे अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ओल्या फडक्याने पुसा. मागचं चाक कधी तापलं तर कॅलिपरच्या आधी हँडब्रेकचे शू बघा, मागच्या डिस्कच्या आत छोटा ड्रम आहे. पॅड नवे असतील तर रिकाम्या रस्त्यावर साठवरून वीसपर्यंत आठ-दहा वेळा ब्रेक मारा, मधे थंड होऊ द्या, गरम असताना पेडल दाबून उभे राहू नका.