मारी संस्कृती गाण्यांनी आणि सिनेमांनी टिकेल का?

रानवाट
मॉस्कोच्या पूर्वेला, व्होल्गाकाठी मारी एल नावाचं रशियातलं छोटं प्रजासत्ताक आहे. राजधानी योश्कार-ओला. मारी लोकांची भाषा फिनिश-हंगेरियनच्या गोतावळ्यातली, आणि त्यांच्यातले कित्येक जण आजही देवराईत जाऊन पूजा करतात. 2002च्या जनगणनेत रशियात मारी 6 लाखांहून थोडे जास्त होते. 2010 मध्ये साधारण 5 लाख 47 हजार, 2021 मध्ये 4 लाख 24 हजारांच्या आसपास. जन्मदर घटला हे एक कारण. पण स्वतःला मारी म्हणवून घेणं सोडलेलेही त्यात आहेत, आणि मला जास्त काळजी त्यांची वाटते.

माझं मत असं, की हा समाज टिकवायचा तर तरुण पोरांना मारी असणं हवंहवंसं वाटलं पाहिजे. ते काम आज गाणं आणि सिनेमाच करू शकतात. जुनं लोकगीत घ्या, खाली ड्रम आणि बेस गिटार द्या, हरकत नाही. चाल मात्र सोडू नका. मारी चाली बहुतेक पाच सुरांच्या. भूप-दुर्गा ऐकत मोठ्या झालेल्या आपल्या कानाला त्या लगेच जवळच्या वाटतात. कितीतरी गाण्यांत पहिली ओळ वरच्या सुरांत म्हणतात आणि मग तीच ओळ पंचमाच्या अंतराने खाली आणून पुन्हा म्हणतात. हंगेरीचे संगीतकार कोदाय यांना त्यांच्याकडच्या जुन्या लोकगीतांत हीच ठेवण दिसली, आणि त्यांनी दोन्हींची शेजारी शेजारी मांडणी केली. एवढा जुना ठेवा संग्रहालयाच्या काचेआड का ठेवायचा?

पाटीपेन्सिल
साफ असहमत. गाण्याचं धृपद पाठ होतं, भाषा येत नाही. लग्नात नाचणाऱ्या पोराला दोन ओळी येतात आणि घरी गेल्यावर तो आजीला रशियनमधून उत्तर देतो. भाषा शाळेत आणि स्वयंपाकघरात टिकते.

शाळेचं काय झालंय ते बघा. 2018 मध्ये रशियाचा शिक्षण कायदा बदलला. मारीसारख्या प्रजासत्ताकांच्या भाषांचा तास ऐच्छिक झाला, तोही पालकांच्या लेखी संमतीने. खरी लढाई तिथे आहे. गाण्यांचे महोत्सव सरकारलाही आवडतात, कारण रंगीत पोशाख घालून स्टेजवर नाचणाऱ्यांकडून कुणाला काही त्रास होत नाही.

ठेका
ड्रम नकोत, बेस नको, असं म्हणणारे शुद्धतावादीही इथे येतील, म्हणून आधीच लिहितो. मारी लोकांची अस्सल जुनी वाद्यं म्हणजे क्यूस्ले, मांडीवर घेऊन छेडायचं तारवाद्य, आणि श्यूव्यर, जनावराच्या मूत्राशयाची पिशवी फुगवून वाजवायचं वाद्य. पण गावोगाव वाजतो तो मारला कारमोन, म्हणजे मारी अकॉर्डियन. हे वाद्य रशियनांकडून आलं आणि मारी कारागिरांनी, वादकांनी ते आपलंसं केलं. आज त्याच्याशिवाय लग्न लागत नाही. आपल्याकडे पेटी अशीच बाहेरून आली आणि संगीत नाटकाचा प्राण झाली. तेव्हा सिंथेसायझरला घाबरू नका. चाल आणि शब्द मारी आहेत ना, एवढं बघा.

शब्दवेडी
गाण्याचं पटलं. सिनेमाचं अजिबात नाही. रशियन दिग्दर्शक अलेक्सेय फेदोर्चेन्को यांचा कुरणी मारी (मारींचाच एक गट) बायकांवरचा सिनेमा 2012 मध्ये रोमच्या महोत्सवात दाखवला गेला. संवाद मारी भाषेत, चित्रण देखणं, जगभर कौतुक. पण कौतुक करणाऱ्यांनी काय पाहिलं? नग्नता, चेटूक, जंगलातल्या गूढ बायका. लोककथा आणि लेखकाची कल्पना यांची त्यात अशी सरमिसळ आहे की परक्या माणसाला वेगळं काढता येत नाही. अनेक मारी माणसांना ते लागलं, आणि ते साहजिक होतं.

देवराईला ते क्यूसोतो म्हणतात. तिथे झाड तोडायचं नाही, पांढरे कपडे घालून जायचं, कार्त म्हणजे पुजारी प्रार्थना म्हणतो, कढईत नैवेद्याचं मांस शिजतं आणि तिथेच सगळे मिळून खातात. ही चालू, जिवंत श्रद्धा आहे. झार आणि चर्चने बाप्तिस्मे लादले, सोव्हिएत काळात बंदी आली, तरी ती तगली. 1830 मध्ये चुंबिलात या मारी वीराचा पवित्र खडक चर्चच्या पुढाकाराने सुरुंगाने उडवला गेला. लोक अजून त्या जागी प्रार्थनेला जातात. एवढं सोसून राखलेली गोष्ट कॅमेऱ्यासमोर आणायची की नाही, हे कार्तांनी ठरवायचं. दिग्दर्शकाने नाही.

रानवाट
@शब्दवेडी, क्यूसोतोबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. विधी दाखवायचा तर आधी विचारलं पाहिजे, आणि नाही म्हणाले तर विषय संपला. पण त्यावरून सिनेमाच नको, हे कसं? माझी मागणी उलट आहे. मारी माणसाने लिहिलेला, मारी माणसाने काढलेला सिनेमा हवा. त्यात देवराई नसली तरी चालेल. योश्कार-ओलाच्या बसमध्ये फोनवर मारीत भांडणारी मुलगी असू दे.

आणि मारी माणूस पडद्याला नवा नाही. यिवान किर्ला हा मारी कवी. 1931च्या पहिल्या सोव्हिएत बोलपटात त्याने मुस्तफा नावाच्या रस्त्यावरच्या पोराचं काम केलं आणि तो देशभर गाजला.

पाटीपेन्सिल
किर्लाचं नाव काढलंत तर पुढचंही सांगा. गाजला तो रशियन बोलून. 1937 मध्ये त्याला अटक झाली, 1943 मध्ये छावणीत मेला. त्याच 1937 मध्ये सेर्गेई चवाइन, ज्यांच्यापासून मारी साहित्याची सुरुवात मानतात, त्यांना गोळ्या घातल्या. ओलिक इपाय या तरुण कवीलाही. एका समाजाचे लिहिणारे हात असे एका झटक्यात गेले. ती पोकळी तीन मिनिटांच्या गाण्याने भरत नाही. त्यासाठी वाचणारी मुलं लागतात.

रानवाट
पण त्या संमतीपत्रावर सही कोण करणार? तिशीतली आई. तिला मारी म्हणजे गावाकडची, मागासलेल्यांची भाषा वाटत असेल तर ती सही करणार नाही. तिच्या मनातली ही लाज सरकारी परिपत्रकाने जात नाही. आपल्या भाषेतलं गाणं शहरातल्या मोठ्या हॉलमध्ये गाजताना तिने पाहिलं तर जाते.

पाटीपेन्सिल
तिला लाज वाटते म्हणून ती सही टाळते असं तुम्ही धरून चाललाय. ती टाळते कारण विद्यापीठाच्या प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा फक्त रशियनमध्ये असते. गाणं तिला मनापासून आवडत असेल, तरी सही करताना ती मुलाचे मार्कच बघणार.

ठेका
परीक्षा मॉस्कोत ठरते, त्यात मारी एलचं काही चालत नाही. जिथे चालतं तिथून धरा. क्यूस्ले आणि कारमोन शिकवायचा तास पूर्ण मारीतून घ्या. "बोट इथे ठेव", "परत वाजव", "चुकलं, पुन्हा" हे सगळं मारीत. @पाटीपेन्सिल, असा वर्ग तुमच्या हिशेबात शाळेत धरायचा की गाण्यात?