करडांच्या लेंड्यांत पांढरे तुकडे, एक पाट (तरणी शेळी) गरगर फिरतेय. पोरीला धोका आहे का?

सीनाकाठचा_शेळीवाला:
नमस्कार मंडळी. मोहोळ तालुक्यात वस्तीवर राहतो. १४ उस्मानाबादी शेळ्या आहेत, त्यातल्या तीन दिवाळीनंतर सांगोल्याच्या बाजारातून आणलेल्या. पंधरवड्यात दोन भानगडी एकदम झाल्या. करडांच्या लेंड्यांना शिजलेल्या भातासारखे पांढरे तुकडे चिकटलेले दिसायलेत. परवा तर एकाच्या मागनं वीतभर फीत लोंबत होती. आणि एक वर्षाची पाट मान डावीकडं टाकून एकाच बाजूनं फिरतेय. बांधली तर दोर खुंट्याला गुंडाळून घेते, सोडली तर कुंपणाला डोकं लावून उभी राहते. खाते, पण उतरत चाललीय.

गावातल्या मेडिकलवाल्यानं जंताची बाटली दिली, "सगळ्यांना दहा-दहा मिली पाजा" म्हणाला. करडांच्या लेंड्या साफ झाल्या, पाटीला काडीचा फरक नाही.

खरी काळजी घरातली आहे. पोरगी चार वर्षांची, दिवसभर करडांच्यात. मोत्या कुत्रा तर तिचं तोंड चाटतो. बायको म्हणते, सगळी जनावरं विका. अंगणवाडीत १० फेब्रुवारीला जंताची गोळी दिली होती, तेवढी पुरते का? जंत डोक्यात जातात ते खरं का? एका पाहुण्यानं कोबीतल्या किड्याचा व्हिडिओ पाठवलाय, तेव्हापासून आमच्यात कोबी बंद.

हुरडाप्रेमी:
कोबी बंद म्हणजे सुखच की ओ! चेष्टा सोडा, ती पाट आधी बाजूला बांधा. पडली तर बाकीच्या तुडवतील. १९६२ या नंबरला फोन लावा, सरकारी डॉक्टर येतात.

निवृत्त_पशुवैद्य:
लेंड्यांतलं आणि डोक्यातलं, ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. करडांत दिसतो तो मोनिझिया नावाचा पट्टकृमी. गवताच्या मुळाशी धुळीएवढे बारीक कीटक असतात, चरताना ते पोटात गेले की हा होतो. सहा महिन्यांच्या आतलं करडू खंगतं, मोठ्या शेळीला फारसं काही होत नाही. माणसाला तो होत नाही. बायकोला एवढं आजच सांगा.

पण दहा-दहा मिली सगळ्यांना? डोस वजनावर असतो. करडाला जास्त होतो, मोठीला कमी पडतो आणि कमी डोसानं जंत औषधाला निबर होतात. बाटलीत अल्बेंडाझोल असेल तर नुकत्याच फळलेल्या शेळीला पहिला महिना ते पाजत नाहीत, पोटातल्या पिल्लाला बाधतं. कोणी गाभण होती का?

पाटीबद्दल माझा संशय गिडवर आहे. मेंदूत जंताचा, पाण्यानं भरलेला फुगा होतो आणि तो वाढेल तशी शेळी फिरायला लागते. जंतूनं मेंदूला सूज आली तरीही जनावर असंच फिरतं, म्हणून डॉक्टरांनी हात लावून बघायलाच हवी. कवटीला एका जागी मऊ लागतं का, एका डोळ्यानं दिसतं का, हे ते तपासतील. फुगा मोठा झाला की औषधाचा फार उपयोग नाही, कवटीला भोक पाडून तो काढावा लागतो. शिरवळ किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा. पाट बाजारातली की घरची?

सीनाकाठचा_शेळीवाला:
घरचीच, गोठ्यातच झालेली. एक शेळी गाभण आहे, पण तिला साडेतीन महिने झालेत.

निवृत्त_पशुवैद्य:
मग गाभणीची काळजी नको. घरची असेल तर त्या जंताची अंडी तुमच्याच रानात पडलीत. त्या फुग्याचा मोठा जंत शेळीत राहत नाही, कुत्र्याच्या आतड्यात राहतो. कुत्रा फुगा असलेली मुंडी खातो, त्याच्या विष्ठेतून अंडी गवतावर पडतात, तिथं शेळी चरते. लक्षणं दिसायला पुढं काही महिने जातात. मोत्याला काय घालता?

सीनाकाठचा_शेळीवाला:
भाकरी-दूध. कच्चं काही नाही.

(तासाभरानं) बायकोला विचारलं. जत्रेला, आखाडात बोकड पडलं की वजडी धुताना उरलेलं, फोपसं, कधी मुंडीचं, सगळं मोत्यालाच जातं म्हणे. शिवाय गेल्या पावसाळ्यात धनगराची मेंढी मेलेली ओढ्यात टाकली होती, आळीतली सगळी कुत्री तिथंच होती.

रात्रपाळी_डॉक्टर (माणसांचा, सोलापूर):
इथं मी बोलतो. गिडचा जंत माणसात क्वचित. मला भीती त्याच्या चुलत भावाची, एकायनोकॉकसची. कुत्र्याच्या आतड्यात तो जेमतेम ३ ते ७ मिलिमीटरचा, त्यामुळं विष्ठेत तुम्हाला दिसणारच नाही. त्याची अंडी केसांना चिकटतात, हाताला लागतात आणि मुलाच्या तोंडात जातात. मग यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात, त्याही सावकाश, कैक वर्षांनी कळणाऱ्या. लहानपणी कुत्र्यासोबत खेळलेला माणूस तिशीत पोटदुखी घेऊन येतो. फोपशावर, काळजावर पाण्याचे फुगे दिसले असतील तर ते हेच.

अंगणवाडीची गोळी आतड्यातल्या जंतांसाठी आहे, एका गोळीनं या गाठी जात नाहीत. म्हणून ती बंद करू नका, पोरीला दर वेळी द्या. तिला आत्ता त्रास नसेल तर घाबरून तपासण्या नकोत. पोट दुखलं, फुगलं, खोकला लांबला तर सोनोग्राफी किंवा एक्स-रे करून घ्या, आणि डॉक्टरांना कुत्रा पाळल्याचं आपणहून सांगा.

कोबीबद्दल: कोबीत दिसणारी अळी पतंगाची, ती मेंदूत जात नाही. मेंदूत गाठी करतो तो डुकराचा पट्टकृमी, पण त्याची अंडी येतात माणसाच्या विष्ठेतून, उघड्यावर बसण्यानं, मळ्याला सांडपाणी दिल्यानं. त्यामुळं डुकराचं मांस कधी न खाणाऱ्यालाही फिट येऊ शकते. भाजी धुवा, शिजवा, कोबी खा.

हुरडाप्रेमी:
म्हणजे मोत्याला विकायचं का?

निवृत्त_पशुवैद्य:
मोत्याचा काय गुन्हा? प्राझिक्वांटेलची गोळी वजनाप्रमाणे, वर्षातून निदान चारदा. दिल्यावर दोन-तीन दिवस बांधून ठेवा आणि विष्ठा उचलून पुरा किंवा जाळा. चाटणं बंद, पोरीचे हात साबणानं. आणि मुंडी, फोपसं, काळीज कच्चं कुठल्याच कुत्र्याला नाही. घालायचंच तर पाऊण तास उकळून.

सीनाकाठचा_शेळीवाला:
उद्या पाट गाडीत घालून तालुक्याला नेतो. रविवारी चुलत्याकडं बोकड आहे, उरलेलं पुरून टाका म्हणून सांगितलंय. खड्डा किती खोल लागेल? खाली मुरूम आहे, पहारीनं खणावं लागतं.

निवृत्त_पशुवैद्य:
तीन फूट तरी घ्या. वर मोठे धोंडे ठेवा, नाहीतर रात्री मोत्याच उकरेल.