खाण आधीची, म्हणून हिशेब मागायचा नाही?

माळरान
पुण्याजवळच्या वाघोलीच्या पुढच्या पट्ट्यातल्या एका दगडखाणीबद्दल आम्ही सोसायट्यांतल्या रहिवाशांनी मोर्चा काढून निवेदन दिलं. त्यावर इथे खडीवाला यांनी लिहिलं, 'खाण चाळीस वर्षांची आहे, तुम्ही काल आलात. फ्लॅट घेताना डोंगर पोखरलेला दिसला नव्हता का?' आणि बऱ्याच जणांनी त्याला अंगठे दिले. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

खाण आधीची आहे, मान्य. पण ती आधी जिथे होती तिथेच थांबली का? आम्ही राहायला आलो तेव्हा सुरुंगाचे बार डोंगराच्या पलीकडच्या अंगाला लागायचे. कडा दरवर्षी अलीकडे येत गेला. आता ड्रिलचं मशीन स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं. दुपारी बार उडाला की मांडणीतली ताटं खणखणतात आणि थोड्या वेळाने ओट्यावर करडी भुकटी बसते. ओल्या फडक्याने पुसावी तर चिखल होतो, सुक्याने पुसावी तर ओट्यावर ओरखडे उठतात. माझी आई दारं-खिडक्या लावूनच दिवस काढते, मे महिन्यातसुद्धा.

आणि खाणपट्टा म्हणजे सातबारा नव्हे. तो मुदतीचा असतो आणि अटींवर मिळतो. पाच हेक्टरच्या आतल्या गौण खनिजाच्या (दगड, मुरूम, वाळू) पट्ट्यालाही पर्यावरण मंजुरी लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दीपक कुमार खटल्यात सांगितलं. मंजुरीतल्या अटी पाळल्या का, याचा अहवाल खाणवाल्याने दर सहा महिन्यांनी द्यायचा असतो. तो आम्हाला दाखवा, एवढंच मागतोय. बाराची वेळ फलकावर लिहा. दगडाची खडी करणाऱ्या क्रशरला आच्छादन आणि पाण्याचे फवारे लावा. खडी नेणाऱ्या हायवा डंपरवर ताडपत्री बांधा. खड्ड्याची ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन यंत्राने) मोजणी करा, म्हणजे परवाना किती ब्रासचा (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) होता आणि दगड किती गेला ते कळेल. यात 'खाण बंद करा' कुठे लिहिलंय ते दाखवा.

खडीवाला
मीच लिहिलं होतं आणि अजूनही तेच म्हणतो. माझे दोन हायवा आहेत, दोन्हीवर कर्ज आहे. गावातल्या निम्म्या घरांत खाणीचा पैसा येतो, कुणाचा ट्रॅक्टर, कुणाचा वजनकाटा, कुणाची चहाची टपरी. तुम्ही निवेदन दिलं की दुसऱ्या दिवशी गाड्या उभ्या राहतात. तुमचा पगार चालू असतो, आमचा हप्ता थांबत नाही.

तुमच्या स्लॅबमधली खडी कुठून आली? आणि धुळीचं बोलता, तर तुमच्या सोसायट्यांचं मैलापाणी आमच्या ओढ्यात सोडलंय त्याचं काय? त्या ओढ्यावर आमची गुरं पाणी प्यायची. त्याचं निवेदन कुणी दिलं? नगर रस्त्याच्या कोंडीत आमच्याच गाड्या दिसतात, तुमच्या एका घरात दोन-दोन चारचाकी आहेत त्या दिसत नाहीत. खाण असलेल्या गावात राहायला यायचं आणि गावालाच शिस्त लावायची, हे आम्ही ऐकून घेणार नाही.

निवृत्त_बांधकाम
दोघांनी जरा दम धरा. आयुष्य बांधकामात गेलं म्हणून सांगतो, भिंतीला गेलेली प्रत्येक चीर बारामुळे नसते. काळ्या मातीवर नीट पाया न घेता इमारत उभी केली की ती बार न लावताही तडकते. गिलाव्यावर पाणी कमी मारलं तरी जाळीसारख्या चिरा पडतात. बिल्डरला सोडून सगळं खाणीवर ढकललंत तर पहिल्याच सुनावणीत तोंडघशी पडाल.

खाण सुरक्षा महासंचालनालयाने शेजारच्या घरांसाठी कंपनाची मर्यादा घालून दिली आहे, वारंवारतेनुसार सेकंदाला ५ ते १५ मिलिमीटर. बाराच्या वेळी यंत्र लावून कंपनं मोजता येतात. ती मोजणी मागा, आणि तुमच्यासमोर करून घ्या. ताटं वाजतात हा पुरावा होत नाही.

माळरान
मोजणी मागूच. पण ती आमच्या खर्चाने का? बार ते उडवणार आणि यंत्राचं भाडं आम्ही भरायचं?

पाथरवटाची_लेक
सगळं वाचलं. फ्लॅटवाले बोलले, हायवावाले बोलले, इंजिनिअर काका बोलले. खाणीत जी माणसं राहतात त्यांचं नाव एकाच्याही तोंडात आलं नाही.

मी वडार. आजोबा पाटे-वरवंटे टाकवत गावोगाव फिरले, आई-बाप खाणीवर आले. तुमची खिडकी खाणीपासून लांब आहे, आमचं पाल खाणीतच होतं. शिट्टी वाजली की आई धाकट्याला काखेत मारून रस्त्यापलीकडे पळायची, मी भाकरीचं गाठोडं घेऊन मागे. बार झाला की परत. एकदा परत आलो तर पालाच्या ताडपत्रीला भोक पडलेलं आणि चुलीत दगड. दुपारी जेवायच्या आधी आई चूळ भरायची, ते पहिलं पाणी राखेसारखं पडायचं. बापाने घेतलेली उचल कधी फिटलीच नाही, म्हणून खाण बदलता आली नाही.

वाघोलीला खाणींवर पाषाणशाळा, म्हणजे खाणमजुरांच्या पोरांच्या शाळा, चालल्या म्हणून माझ्यासारख्या पोरींच्या हातात पाटी आली. तुमच्या सोसायटीने त्या पोरांसाठी कधी काही केलं? तुमच्या मोर्चात खाणीवरचा एक तरी माणूस होता का?

ए_विंग
ताई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण विषय भरकटतोय. मजुरांचे प्रश्न कामगार खात्याचे, आमचा प्रश्न धुळीचा. सगळं एकाच निवेदनात कोंबलं तर काहीच होणार नाही. शिवाय आपला दगड काळा बेसॉल्ट आहे, त्यात मोकळं क्वार्ट्झ नगण्य असतं. राजस्थानातल्या वालुकाश्माच्या खाणीत होतो तसा सिलिकोसिस, म्हणजे क्वार्ट्झच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग, इथे सरसकट होत नाही.

पाथरवटाची_लेक
म्हणजे धूळ तुमच्या ओट्यावर बसली तर प्रदूषण, माझ्या आईच्या छातीत बसली तर बेसॉल्ट? तुमच्या घरात कुणाला खोकला झाला तेव्हा क्वार्ट्झचं प्रमाण विचारलं होतंत? आई रात्र-रात्र बसून काढते, आडवं झालं की श्वास लागतो. डॉक्टरांनी त्याला काय नाव दिलं याने तिला काय फरक पडतो? धूळ एकाच क्रशरची आहे. ती तुमच्यापर्यंत वाऱ्याने येते, आईच्या डोक्यावर ती थेट पडायची.

ए_विंग
मी असं म्हटलेलंच नाही. शब्द तोंडात घालू नका.

निवृत्त_बांधकाम
तुम्ही तसंच म्हटलंत हो. दगडाबद्दल बरोबर लिहिलंत, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. बारीक धूळ कुठल्याही दगडाची असो, फुप्फुसाला वाईटच. म्हणून तर क्रशरच्या यंत्रापासून ३ ते १० मीटरवर हवेत धूळ घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमच्या वर जाता कामा नये, असं मानक आहे. ते मोजायचं कुठे? जिथे मजूर उभा असतो तिथेच. खाण स्फोटकं वापरत असेल तर खाण कामगारांच्या कायद्यातली लहान खाणींची सूट तिला मिळत नाही. १८ वर्षांखालचं पोर तिथे कामाला लावता येत नाही. ताईंनी सांगितलेल्या गोष्टी विषयाबाहेरच्या नाहीत, तुमच्या निवेदनातला तो सगळ्यात भक्कम मुद्दा ठरेल.

खडीवाला
आता सगळ्यांना वडारांचा कळवळा आला. ताई, खाण बंद पडली तर आधी उपाशी कोण राहणार हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. लॉकडाऊनमध्ये काय झालं ते विसरलात?

पाथरवटाची_लेक
विसरले नाही दादा. तेव्हा मुकादमाने फोन बंद ठेवला होता आणि किराणा शाळेच्या बाईंनी दिला. बंद करा असं मी म्हणतच नाही. माझा भाऊ अजून तिथेच पोकलेनवर आहे. पण पालं धोक्याच्या हद्दीबाहेर न्या, प्यायला टँकरचं चांगलं पाणी द्या, हजेरीवर नाव लावा. खाण बुडणार असेल तर ती काय एवढ्याने बुडणार का?

माळरान
मोर्चाची हाक सोसायट्यांच्या ग्रुपवर गेली, खाणीवर कुणाकडे तो ग्रुप नव्हता. हे मुद्दाम झालं नाही, पण ताईंचा प्रश्न उरतोच. आता पैशाचं. महाराष्ट्रात गौण खनिजाच्या स्वामित्वधनावर (रॉयल्टीवर) १० टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात जाते. २०२१ मध्ये स्वामित्वधन ब्रासला ६०० रुपये झालं, त्या दराने प्रत्येक ब्रासमागे ६० रुपये. तो पैसा खाणबाधितांसाठीच आहे. आपल्या पट्ट्यातून रोज किती गाड्या भरून जातात ते खडीवाला यांनाच विचारा. त्या पैशातून फिरता दवाखाना आणि पाण्याची सोय आधी खाणीवरच्या वस्तीला मिळावी, असं पुढच्या निवेदनात घालू. ए विंगला पटो न पटो.

ए_विंग
घाला. पण धुळीचा मुद्दा पहिल्या पानावर राहिला पाहिजे, नाहीतर आमच्या सह्या काढून घेऊ.

खडीवाला
ताडपत्रीचं मी माझ्या दोन्ही गाड्यांना सांगतो, त्यात माझं काही जात नाही. बाकीच्यांचं मला विचारू नका. आणि ईटीएस मोजणी मागताय तर एकट्या त्या खाणीची मागू नका, पट्ट्यातल्या सगळ्या खड्ड्यांची मागा. ज्याच्यामागे कुणी पुढारी नाही त्याची मोजणी होते, त्यालाच पाचपट दंड लागतो आणि शेजारचा खड्डा रात्रीचा चालू राहतो. सगळ्यांची मागणार असाल तर गट नंबर मी देतो. माझं नाव कुठेही येता कामा नये.

पाथरवटाची_लेक
सही घ्यायला खाणीवर या. सकाळी सातच्या आत या, नंतर माणसं वर कड्यावर असतात. आणि कागद वाचून दाखवायला कुणीतरी सोबत आणा, नुसता अंगठा घेऊन जाऊ नका.

माळरान
रविवारी येतो. खडीवाला, गट नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवा.