मदत हवी आहे: नववीच्या मोठ्या वर्गाला इंग्रजीत बोलतं कसं करावं?

मराठी माध्यमाच्या शाळेत नववीला इंग्रजी शिकवते. पट 58, तास 35 मिनिटांचा, बाकं हलवता येत नाहीत. वाचन-लेखन बरं आहे. अडतं ते बोलण्यावर, आणि दहावीला तोंडी परीक्षेचे गुण असतातच.

रनिंग डिक्टेशन करून पाहिलं: भिंतीवरचा परिच्छेद एकाने वाचून यायचा, जोडीदाराला सांगायचा, त्याने लिहायचा. मुलं रमतात, पण धावायला जागा नाही. मग बसल्या जागी दोन चित्रांतले फरक शोधायला दिले, एकमेकांचं चित्र न बघता, फक्त विचारून. हा प्रकार मला फार आवडला, कारण विचारल्याशिवाय उत्तर मिळतच नाही. पण मिनिटाभरात जोड्या मराठीवर येतात. फळ्यावर प्रश्न लिहून दिले तर तेवढेच वाचून दाखवतात.

प्रोजेक्टर नाही, मोबाइलला परवानगी नाही. थोड्या झेरॉक्स चालतील. मराठी बोलल्याबद्दल दंड वगैरे नको, त्याने लाजरी मुलं आणखी गप्प होतात.

जोडीने, बसल्या जागी करता येईल आणि दोघांनाही इंग्रजीतच बोलावं लागेल, असा कोणता उपक्रम तुमच्या वर्गात चालला? आणि एवढ्या जोड्यांवर एकट्याने लक्ष कसं ठेवता?